पोळ्यानंतर बघू

न दिसणारा धूर मोजणं ही माझी नोकरी आहे. नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात चिमणीतून नेमकं काय काय बाहेर पडतं, याचे आकडे मी बघतो. शाळांची मुलं केंद्र पाहायला येतात तेव्हा मी छाती पुढे काढून त्यांना सांगतो, "मुलांनो, जो दिसतो त्या धुराला फार घाबरू नका. जो दिसत नाही, तो खरा बदमाश!" मुलं हे वहीत लिहून घेतात. सतरा वर्षं मी हे वाक्य म्हणतोय. ते एक दिवस माझ्याच घरात माझ्याच अंगावर येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

संक्रांत झाली आणि माझ्या डिझेल गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. पत्र फार नम्र होतं. आपल्या गाडीतून ठरल्यापेक्षा जास्त घातक वायू बाहेर पडतात, ही चूक बनवतानाच आमच्याकडून झालेली आहे, तरी कृपया गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरला आणावी, आम्ही ती फुकट दुरुस्त करून देऊ, एक दिवस पुरेल. वगैरे. माझ्या आयुष्यात कोणी इतक्या सरळपणे चूक कबूल केलेली ही पहिलीच वेळ. मी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि कपाटात लटकलेल्या एका जुन्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

"मग कधी नेता?" वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"नेऊ ना. तुझं हळदीकुंकू आटपू दे."

"हळदीकुंकू माझं आहे. गाडीचं नाही!"

"अगं, पण धूर दिसतो का गाडीतून? सांग, दिसतो?"

तेवढ्यात आमची कन्या सई (अकरावीत आहे, आणि वडिलांना पकडायची एकही संधी ती सोडत नाही) मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, जो दिसत नाही तो खरा बदमाश ना?"

मी आंघोळीला निघून गेलो.

आता इथे शेजारच्या मेश्राम सरांबद्दल सांगायला हवं. आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला. बिल्डरनं दोन घरांच्या मध्ये एवढी मोकळी जागा सोडली आहे की आमच्याकडे फोडणी पडली की सर शिंकतात. आमच्या पोर्चला लागूनच त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी. सर चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत, अत्यंत सज्जन माणूस. त्यांना दमा आहे. छातीत भरून आलं की खिशातून निळा पंप काढतात, दोनदा ओढतात आणि आपल्यालाच त्रास झाला असेल अशा सुरात "माफ करा हं" म्हणतात.

मी रोज सकाळी पावणेसातला पोर्चमध्ये गाडी सुरू करतो आणि पाच मिनिटं तशीच ठेवतो. डिझेल इंजिन गरम झालं पाहिजे, असं माझं मत आहे. त्या पाच मिनिटांत मी गाणी म्हणतो. (आवाज बरा आहे. निदान तेव्हा माझा असा समज होता.) गाडी सुरू झाली की सरांची खिडकी बंद व्हायची. टक्!

"अहो, तुमची गाडी सुरू झाली का सरांची खिडकी बंद होते," वैशाली फेब्रुवारीत म्हणाली. "त्याइले त्रास होऊन राहिला. पत्र आलं आहे तं नेऊन टाका ना एकदाची."

"थंडीमुळे लावत असतील गं."

मे महिन्यात, नागपुरात भांडीसुद्धा सावली शोधतात तेव्हा, ती पुन्हा म्हणाली, "आता कोणती थंडी?"

"ऊन येऊ नये म्हणून लावतात."

"सकाळी पावणेसातले?"

जुलैत मी पावसाचे शिंतोडे हे कारण दिलं. खिडकी एकच होती. कारणं मी तिन्ही ऋतूंची पुरवली.

तसं बघायला गेलं तर मी काहीच केलं नाही असं नाही. मी सल्ला घेतला. वैशालीचा भाऊ प्रशांत धरमपेठेत राहतो आणि त्याला गाड्यांमधलं सगळं कळतं. (त्याच्याकडे गाडी नाही. बॅटरीवर चालणारी स्कूटर आहे.) पत्राचं नाव काढताच तो सोफ्यावरून उठून बसला.

"भाऊजी, अजिबात नका करू हे काम! पिकअप जाते!"

"जाते?"

"जाते म्हणजे? पार मरते! माझ्या मित्राच्या साळ्यानं केलं. आता सायकलवाला त्याले ओव्हरटेक करून राहिला. आणि मायलेज? ते तं विसराच. कोराडी रोडवर कोळशाचा डंपर समोर असला तं काय करान तुम्ही? त्याच्या मागंमागं जान?"

डंपरच्या मागे मागे जाण्याच्या कल्पनेनं मी अस्वस्थ झालो. मित्राच्या साळ्याची गाडी कोणती, हे विचारायचं राहून गेलं. (नंतर विचारलं. ती पेट्रोलची होती.)

तरीही मी सर्व्हिस सेंटरला फोन करून वेळ घेतली. फेब्रुवारीत घेतली, रद्द केली. मार्चमध्ये घेतली, मार्च एंडिंगमुळे रद्द केली. मार्च एंडिंगचा आणि धूर मोजण्याचा काही संबंध नाही, पण सगळे म्हणत होते म्हणून मीही म्हटलं. एप्रिलमध्ये लग्नं. मेमध्ये गाडीच्या एसीशिवाय एक दिवस काढणं शक्य नव्हतं. जूनपर्यंत फोनवरची ती मुलगी माझा आवाज ओळखायला लागली होती.

"नमस्कार वानखडे सर! वेळ घ्यायची आहे का कॅन्सल करायची?"

"घ्यायची आहे."

"बरं. कॅन्सल किती तारखेला करान, तेही आताच सांगून द्या ना सर. माझा एक फोन वाचते."

आणि या सगळ्या काळात मी आमच्या लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा, अध्यक्ष होतो. नुसता अध्यक्ष नव्हे, धुराचा शत्रू! कोपऱ्यावरच्या ढोबळे काकू रोज सकाळी झाडून काढलेला पालापाचोळा पेटवायच्या. मी जूनमध्ये त्यांच्या फाटकासमोर उभा राहून त्यांना पंधरा मिनिटं विज्ञान समजावलं होतं.

"काकू, हा धूर कुठं जातो माहीत आहे? मेश्राम सरांच्या नाकात! म्हाताऱ्या माणसाचा दमा वाढतो. थोडा तरी विचार करा!"

काकूंनी झाडू खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोर्चकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं बावा. तुम्ही शिकले-सवरलेले. तुमालेच कळते."

मला वाटलं, काकूंना पटलं.

ऑगस्टमध्ये एकदा संध्याकाळी मेश्राम सरच फाटकाशी आले. निळा पंप हातात होता. बराच वेळ ते हवापाण्याबद्दल बोलले, मग जमिनीकडे बघत म्हणाले, "साहेब, ते गाडीचं काही पत्र आलं होतं म्हणे. वहिनी सांगत होत्या. घाई नाही म्हणा. सहज विचारलं."

सज्जन माणसानं सहज विचारलं की त्याला आठ दिवस सराव करावा लागलेला असतो. हे मला आता कळतं. तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "करायचंच आहे सर! पोळ्यानंतर बघू."

"हाव हाव. पोळ्यानंतर," सर म्हणाले आणि खोकत घरी गेले.

पोळ्याचं एवढ्यासाठी की दुसऱ्या दिवशी मारबत असते आणि मारबतीच्या कामात अध्यक्षाला श्वास घ्यायला फुरसत नसते. (फुरसत मला नव्हती. श्वास सरांना येत नव्हता.) नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबतींची, म्हणजे राक्षसिणींच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि तिच्याबरोबर बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, कागद आणि तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, पुतळा. वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडग्या करायचा, छातीवर पाटी लावायची, "रोगराई, खोकला, घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत त्याला वेशीबाहेर न्यायचं आणि जाळायचं. मोठे बडगे जुन्या नागपुरात, इतवारीत निघतात. आमच्या लेआउटमध्ये आम्ही आपला एक लहानसा काढतो. तणस प्रशांत आणतो, आणि पुतळा दरवर्षी मेश्राम सर करतात.

बैठकीत विषय निघाला, यंदा बडग्या कशाचा? कोणी म्हणालं महागाई, कोणी म्हणालं रस्त्यातले खड्डे. मी उभा राहिलो.

"धूर!" मी म्हणालो. "दुसऱ्याच्या नाकात धूर सोडणारा माणूस. यंदा हाच बडग्या!"

सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा एकमेकांकडे. मग ढोबळे काकूंनी टाळी वाजवली. काकूंनी माझ्या प्रस्तावाला टाळी वाजवली म्हणजे मनपरिवर्तन झालं, असं मी समजलो आणि जोशात आलो.

"आणि ऐका! बडग्या जाळायचा नाही! धुराच्या बडग्याला जाळून धूर करायचा, हा काय शहाणपणा आहे? लेआउटच्या फाटकाबाहेर नेऊन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कचरा गाडीवाला घेऊन जाईल."

"भाऊजी, जाळाचा असते तो," प्रशांत म्हणाला. (तो तर्री-पोहे होते म्हणून बैठकीला आला होता.) "ठेवाचा नसते."

"मी अध्यक्ष आहे!" मी म्हणालो. विषय संपला.

मग सरांनी हळूच विचारलं, "पुतळ्याले एखादा जुना शर्ट लागेल. कोणाकडे आहे का?"

"माझा घ्या!" मी उदार झालो. "वैशाली, तो निळा चौकड्यांचा देऊन टाक गं."

वैशाली म्हणाली, "देते ना." इतक्या गोड आवाजात की मला तिथेच शंका यायला हवी होती.

मारबतीच्या दिवशी सकाळी मी डोक्याला फेटा बांधून मिरवणुकीच्या सर्वांत पुढे उभा राहिलो. मागे ढोल. ढोलामागे हातगाडीवर बडग्या. त्याच्यामागे सगळा लेआउट. सर्वांत पुढे असण्याचा एक तोटा असतो, मागे काय आहे ते दिसत नाही. पुतळा सरांच्या अंगणातून झाकून आणला होता आणि ढोल सुरू झाल्यावर चादर काढली होती. मी तेव्हा समोर हात हलवत होतो.

"दुसऱ्याच्या नाकात धूर सोडणाऱ्याले..." मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"घेऊन जा गे मारबत!" लेआउट गरजला.

एवढा प्रतिसाद मला गेल्या तीन वर्षांच्या अध्यक्षपदात मिळाला नव्हता. मला चेव आला.

"सांगून न ऐकणाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!"

"सबबी सांगणाऱ्याले..."

इथे तर ढोलवाल्याचा ठेका चुकला. तो पोट धरून हसत होता. बायका पदर तोंडाशी नेत होत्या. ढोबळे काकू, ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती, त्या हातातला झाडू उंचावून म्हणाल्या, "दुसऱ्याले अक्कल शिकवणाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!" मीच सर्वांत मोठ्यानं ओरडलो.

फाटकाशी पोचल्यावर प्रशांत म्हणाला, "भाऊजी, बडग्याच्या बाजूले उभे राहा. फोटो काढतो." मी न वळता मागे सरकलो, बडग्याच्या खांद्यावर हात टाकला, फेटा सारखा केला आणि हसलो. अर्ध्या मिनिटात फोटो लेआउटच्या ग्रुपवर आला. मी मोबाइल उघडला.

फोटोत दोन वानखडे होते. मी दिलेला निळा चौकड्यांचा शर्ट, त्याच मिशा, तोच नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा, आणि छाती तशीच पुढे काढलेली. एकाच्या पोटात तणस होतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात. बडग्याच्या छातीवर पाटी होती. पाटीवर कंपनीचं ते नम्र पत्र व्यवस्थित चिकटवलेलं होतं आणि त्याच्याखाली सरांच्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं होतं: "पोळ्यानंतर बघू."

मी वैशालीकडे पाहिलं. "शर्ट देताना खिसा तपासला नाहीस?"

"एकवीस वर्षांत खिसा तपासल्याबिगर मी एक तरी कपडा कोणाले दिला काय?" ती म्हणाली. "तपासला. पत्र होतं. बरं दिसलं, राहू दिलं."

मी सरांना शोधायला निघालो. खरं सांगतो, मी भांडायलाच निघालो होतो. सर फाटकाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शंभर पावलांच्या मिरवणुकीनं त्यांना धाप लागली होती. पंप हातात होता, ओठ जरा निळसर झाले होते. मला पाहून ते उठायला लागले.

"रागावू नका साहेब," ते धापा टाकत म्हणाले. "नाव नाही टाकलं मी. आणि मिशा... मिशा जराशा बारीकच काढल्या." मग पंप ओढून म्हणाले, "दरवर्षी म्हणतो ना आपण, खोकला घेऊन जा गे मारबत. आठ महिन्यांपासून मारबतीच्याच भरवशावर होतो. म्हटलं, तिले यंदा पत्ता नीट सांगून द्यावा."

मला लाज वाटली. अगदी सरळ, कानाच्या पाळ्यांपर्यंत. पाच फुटांवर एक माणूस रोज सकाळी श्वासासाठी खिडकी लावून घेत होता आणि मी पंचवीस किलोमीटरवर जाऊन आभाळ मोजत होतो. मी सरांना हाताला धरून घरी नेलं आणि तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"उद्या सकाळी गाडी आणतो!" मी म्हणालो.

"अरे बापा!" ती मुलगी म्हणाली. "सर, आता तं चार दिवस वेटिंग आहे."

ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. कारण बडग्या जाळायचा नाही, हा हुकूम माझाच होता! दुसऱ्या दिवशी कचरा गाडी आली. गाडीवाल्यानं बडग्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं, मग मला.

"साहेब, हे ओला कचरा का सुका?"

"म्हणजे?"

"आतमध्ये तणस आहे तं ओल्यात जाते. वरून कागद, तं सुक्यात. शर्ट तं दोन्हीत नाही बसत. वेगळं करून ठेवा, मंग नेतो."

स्वतःच्या पुतळ्याचे ओले आणि सुके भाग वेगळे करण्याची हिंमत मला झाली नाही. त्यामुळे चार दिवस वानखडे नंबर दोन लेआउटच्या फाटकाशी छाती काढून उभे होते. दूधवाला त्यांना नमस्कार करायचा. कुरिअरवाला पाटी वाचून मला विचारायचा, "सर, पोळा तं झाला ना?" मी कोराडीला बसनं जाऊ लागलो. गाडी सुरू करण्याची सोय नव्हती. सुरू केली की अख्खा लेआउट गॅलरीत यायचा.

पाचव्या दिवशी गाडी नेली. एका मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, एक नळी बदलली, लॅपटॉपची वायर जोडली, चहा प्यायला, वायर काढली. "झालं साहेब."

"इतकंच?"

"इतकंच. पाऊण तास. तुम्ही पत्राची तारीख पाहून राहिले काय? आठ महिने झाले. काहून नाही आले?"

मी किल्ली घेतली आणि निघालो. परत येताना मी मुद्दाम कोराडी रोडला वळसा घातला आणि कोळशाचा एक डंपर गाठून ओव्हरटेक केला. पिकअप जागच्या जागी होती. प्रशांतला फोन करून तसं कळवलं, तर म्हणाला, "मी तं पहिल्यापासून म्हणून राहिलो होतो भाऊजी, करून टाका!"

संध्याकाळी मी स्वतः बडग्या सोडवला. तणस ओल्यात, कागद सुक्यात. पत्र तेवढं काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला गाडी सुरू केली आणि सरांच्या खिडकीकडे डोळे लावून उभा राहिलो. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. खिडकी उघडीच! आत सर खुर्चीत बसून चहा पीत होते, पंप टेबलावर पडलेला. त्यांनी मान हलवून मला दाद दिली. माझा ऊर भरून आला. आठ महिन्यांचं ओझं उतरलं आणि त्या आनंदात मी डोळे मिटून, ताना घेत, मोकळ्या गळ्यानं गायला सुरुवात केली.

टक्!

मी डोळे उघडले. खिडकी बंद.

"सर!" मी घाबरून ओरडलो. "अजून धूर येऊन राहिला काय?"

खिडकी बोटभर उघडली. "नाही नाही साहेब, धूर बिलकुल नाही," सर नेहमीच्या संकोचानं म्हणाले. "गाडी तं अगदी फस्क्लास झाली. ते... आता कसं, बनवणाऱ्याची चूक होती, त्यानं पत्र पाठवलं, फुकट दुरुस्त करून दिलं. तसं तुमच्या गळ्याचं काही पत्र-बित्र आलं नाही काय?"

आमच्या स्वयंपाकघरातून वैशालीचा आवाज आला, "मी तं एकवीस वर्षांपासून वाट पाहून राहिली, सर!"

मी फाटकाच्या पत्रपेटीत डोकावलो. पेटी रिकामी होती. पण सरांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, "येईल सर, येईल! आलं की दिवाळीनंतर बघू."